रिकाम्या गाडीचे बोल्ट

दादाची दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार संध्याकाळी ड्रायव्हरच्या बाजूनं खाली बसायची. बोटभर, फार नाही. आधी हलका सुस्कारा ऐकू यायचा, मग मडगार्ड टायरकडे झुकायचं. गॅरेजचं दार बंद, गाडीत कुणी नाही, आणि दादाला जाऊन वर्ष होत आलेलं.

त्या वेळी वहिनी चहाचा कप घेऊन गॅरेजच्या पायरीवर थांबलेल्या असायच्या. गाडी बसली की म्हणायच्या, "हे आले बघा," आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसायच्या. मग बराच वेळ बोलणं चालायचं. मधूनच हसणंसुद्धा.

मी पडलो इंजिनियर. "शॉक ॲब्सॉर्बर गेलेत वहिनी. तेल गळतंय."

"गळू दे. तुमचं काय जातंय, भाऊजी?"

माझं काही जात नव्हतं. पण सावरायचं सोडून वहिनी त्या सीटवरच अडकून पडतील, अशी धास्ती मी घेतली होती. खरं तर गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉक ॲब्सॉर्बर फक्त तिच्या उसळ्या थोपवतो. तो बदलून गाडीचं बसणं थांबायचं काही कारण नव्हतं. तरी मी नवा संच आणला. मला काहीतरी करायचं होतं, आणि पान्यानं करता येतं तेवढंच मला येतं.

रविवारी सकाळी गाडी जॅकवर घेतली. जुने शॉक ॲब्सॉर्बर पार मेलेले. दांडा आत ढकलला की तिथंच राहायचा. नवे बसवले, चाकं लाकडी फळ्यांच्या थप्पीवर टेकवली. राहिलं खालचे, रबरी बुशातून जाणारे बोल्ट आवळणं, आणि त्याची आमच्या घरची एक पद्धत होती. ड्रायव्हर सीटवर बसल्याशिवाय ते आवळायचे नाहीत. "रबराला आठवण असते रे," दादा म्हणायचा. "ज्या वजनाखाली आवळशील, तेच धरून बसतं." तो वर बसून पत्र्यावर दोनदा ठोकायचा. आवळ. मी आवळून खालून एकदा ठोकायचो. झालं, उतर.

वहिनींना बसायला बोलवावं, असं मनात आलं. त्या परत तिथंच रमतील म्हणून नाही बोलावलं. एकटाच गाडीखाली सरकलो आणि बोल्टला पाना लावला.

सुस्कारा ऐकू आला. भर सकाळी. गाडीचा तळ माझ्या नाकाकडे आला.

"वहिनी?"

स्वयंपाकघरात नळ चालू होता. भांडी वाजत होती.

माझ्या डोक्यावर पत्रा दोनदा वाजला.

मी बाहेर कसा आलो, कुणास ठाऊक. सीट रिकामी होती. माझ्या डोळ्यांदेखत गाडी सावकाश वर आली. मग मी पुन्हा खाली शिरलो आणि सगळे बोल्ट करकचून आवळले. रिकाम्या गाडीवर. जाणूनबुजून.

त्यानंतर गाडी बसली नाही. वहिनी पायरीवर थांबायच्या, चहा गार व्हायचा. "छान झाली हो गाडी," एवढंच म्हणाल्या. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. दादाला मी त्याच्याच घराबाहेर काढून आतून कडी घातली होती. फार वाईट वाटायचं. बोल्ट सैल करून मी रोज गाडीखाली पडून वाट बघू लागलो. कुणी आलं नाही.

शेवटी एका संध्याकाळी बोल्ट तसेच सैल ठेवून मी वहिनींना हाताला धरून गाडीत बसवलं. दादाच्या सीटवर मी बसलो, तशी ती बाजू बोटभर खाली गेली.

"चुकलं माझं, वहिनी."

त्यांनी हातातला चहाचा कप मांडीवर टेकवला. माझी बोटं आपसूक पत्र्यावर गेली आणि दोनदा वाजली.

खाली पान्याची कटकट सुरू झाली. सावकाश, सरावल्या हाताची.

वहिनींच्या कपातला चहा हलला.

कटकट थांबली. खालून एकदाच ठोकलं गेलं.

मी उतरलो. दार हलकेच लावलं. वहिनी रिकाम्या सीटकडे वळून हळू आवाजात बोलू लागल्या होत्या.

मी उतरलो होतो, तरी ती बाजू वर आली नव्हती.