‘येते’ म्हटलं की थांबणारा पडदा

मिथिला खोलीत असली की पडदा चालायचा आणि मिथिला बाहेर पडली की पडदा थांबायचा.

एकदा नव्हे, दोनदा नव्हे, सकाळपासून तीन वेळा असं झालं होतं. ती आत असली की चित्रं कशी गुणी बाळासारखी एकामागून एक सरकत होती. तिनं बाहेर पाऊल टाकलं रे टाकलं की पडदा जागच्या जागी ठप्प! आता पडद्याला काय डोळे असतात? आणि असले, तरी अकरा वर्षांच्या पोरीवाचून त्याचं एवढं काय अडत होतं? मिथिलाला काही सुधरत नव्हतं, आणि साडेनऊची बोट लागायला अवघी पंचवीस मिनिटं उरली होती.

हे सगळं चाललं होतं खारशेतच्या धक्क्यावरच्या भरतीघरात. खारशेतच्या खाडीच्या तोंडाशी समुद्राच्या भरती-ओहोटीवर वीज तयार होते. आसपासच्या सतरा गावांतले दिवे, पिठाच्या गिरण्या आणि खाडीतल्या बिनचालकाच्या बोटी त्याच विजेवर चालतात. ती वीज कशी तयार होते हे येणाऱ्याजाणाऱ्यांना समजावं म्हणून हे छोटंसं भरतीघर. आणि समजावणारे कोण, तर मिथिलाचे आजोबा, शास्त्रज्ञ भालचंद्र तोडणकर. तीस वर्षं हा माणूस दर बोटीला तेच सांगत आला, आणि तेही असं, की जणू आजच सकाळी त्यांना ते कळलंय! ऐकणाऱ्यांची बोट सुटायची, पण आजोबांचा विषय सुटायचा नाही.

आणि नेमकी याच माणसाची गुरुवारी घशाची शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या स्वरतंतूंवर (घशातल्या ज्या दोन पातळ पट्ट्या थरथरल्या की आवाज निघतो, त्यांच्यावर) गाठ आली होती. डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं, “पंधरा दिवस एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. बोललात, तर आवाज कायमचा जाऊ शकतो. मग मला बोल लावू नका.”

आजोबांनी मान डोलावली. पण स्वभावाला औषध आहे का? घरी दोन दिवस कसेबसे निघाले. रविवारी मात्र बोटी भरभरून येतात. “भरतीघर बंद ठेवा की,” आई म्हणाली, तर आजोबांनी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘तीस वर्षांत एकही रविवार बंद नाही.’ तेव्हा मिथिलाच पुढे झाली. “मी स्लाइड शो लावते. आपोआप चालेल. तुम्ही फक्त तोंड मिटून बसायचं.”

बोलायला सोपं. पण पडदा मध्येच थांबला, की लोक एकमेकांकडे बघत राहणार, आणि लोक असे बघायला लागले की आजोबा तोंड उघडणार, हे मिथिलाला पक्कं माहीत होतं. ‘मिथूऽऽ’ ही त्यांची हाक धक्क्यावरून थेट घरापर्यंत ऐकू यायची. ती पुन्हा कधी ऐकूच आली नाही तर? म्हणून सकाळपासून ती पायाला भिंगरी लावल्यासारखी आत-बाहेर करत होती.

पडदा चालवायचं काम शहाण्याचं. शहाण्या म्हणजे भरतीघरातला यंत्रमानव. त्याचं खरं नाव एक लांबलचक आकडा होतं, पण आजोबा येता-जाता “शहाणाच आहेस!” म्हणायचे, तेच नाव चिकटलं. त्याला तोंडी सांगितलं की तो करायचा. अगदी सांगितलं तेवढंच, तसूभर जास्त नाही.

सकाळी मिथिला त्याला म्हणाली, “चालू कर.” पहिली स्लाइड आली. एक मिनिट गेलं, दोन गेली, स्लाइड आपली तिथेच.

“अरे, पुढे जा की!”

“कोणी बटण दाबलं की जाईन, मिथिलाताई,” शहाण्या म्हणाला. “व्याख्यान देणारा माणूस कुठल्या चित्रावर किती बोलेल, हे मला ठाऊक नसतं. म्हणून मी थांबतो.”

“इथे कोणी बोलणारच नाहीये!”

“मग प्रत्येक चित्राला वेळ नेमून द्या.”

तिनं प्रत्येकाला बारा सेकंद दिले. चित्रं भराभर सरकली, पहिलं, दुसरं, पार नववं, आणि नवव्यानंतर पडदा काळा ठिक्कर!

“आता काय झालं?”

“संपलं.”

“मग पुन्हा लाव ना!”

“पुन्हा लावायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं.”

मिथिलानं डोक्याला हात लावला. आता तुम्ही म्हणाल, एवढं साधं त्याला कळू नये? नाहीच कळत! ‘आपोआप’ हा शब्द माणसांचा आहे. यंत्र आपोआप काहीच करत नाही. कुणीतरी आधी सांगून ठेवलेलं असतं, तेवढंच ते करतं. मग मिथिलानं नीट सांगितलं, “हे बघ, घड्याळात बारानंतर तेरा वाजतात का? एकच वाजतो ना? तसं तुझ्या नऊनंतर एक.” याला म्हणतात आवर्तन (शेवटाला पोचलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू होणं). एवढी एक सूचना दिली, की नऊ स्लाइड दिवसभर पुरतात.

पहिल्या बोटीनं आलेल्या एका चिमुरड्यानं सरळ पडद्यावर बोट ठेवून चौथं चित्र ओढून सातवर नेलं, तेव्हा तिसरी गोष्ट करावी लागली, ती म्हणजे स्पर्शबंदी (पडद्याला कितीही हात लावा, यंत्रानं दाद द्यायची नाही). झालं! आता काही अडचण उरली नाही, असं समजून मिथिला बाहेर पाटी लावायला गेली, आणि मागे पडदा थांबला.

ती धावत आली, शहाण्याला “चालू कर” म्हणाली, तो चालला. ती पुन्हा गेली, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा, म्हणजे आठ पन्नासच्या बोटीच्या वेळी, तर कहर झाला. पंधरा-वीस माणसं अर्ध्यात अडकलेल्या चित्राकडे बघत उभी होती. “म्हणजे पुढे पाणी आत शिरतं का बाहेर जातं?” एका काकूंनी विचारलं. आणि आजोबा उठले! त्यांनी छातीभर श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि मिथिलानं दारातून झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

“आजोबा! पाटी!”

आजोबांनी खडूनं लिहिलं, ‘फक्त एक वाक्य!’

“एकही नाही!” मिथिला जवळजवळ किंचाळली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? मला तुमचा आवाज हवाय, आजोबा. लोकांना पाणी कुठे शिरतं ते नाही कळलं तरी चालेल!”

आजोबा मुकाट्यानं बसले. काकूंची बोट सुटली आणि भरतीघर रिकामं झालं.

मिथिला शहाण्याची मानगूट धरणार, तोच आजोबांनी पाटी वर केली. ‘चिडून नाही, तपासून. एका वेळी एकच गोष्ट बदल.’

बरोबर होतं. आधी तिला वाटलं, दाराच्या उंबऱ्याखाली तार सैल असेल, पाय पडला की हलत असेल. म्हणून तिनं पडदा पुन्हा चालू करून आजोबांना बाहेर जायला लावलं. आजोबा गेले, उंबऱ्यावर मुद्दाम दोनदा पाय आपटला. पडदा आपला चालूच. म्हणजे उंबरा निर्दोष. मग काय, तिच्यातच काही होतं का? ती स्वतः गेली, चोरपावलांनी, एक अक्षर न बोलता, आणि खिडकीतून डोकावली. पडदा चालू!

आता मात्र ती चक्रावली. तेच दार, तीच मुलगी. मग वेगळं काय झालं? ती आत आली आणि म्हणाली, “आजोबा, आता मी सकाळपासून जाते तश्शी जाते.” दारापर्यंत गेली, आणि नेहमीसारखी म्हणाली, “येते हं मी!”

पडदा ठप्प.

आजोबांनी कपाळावर हात मारून घेतला आणि पाटीवर खरडलं, ‘बोललीस! तू बोललीस!’

“शहाण्या,” मिथिला हळूच म्हणाली, “मी ‘येते’ म्हटलं की तू थांबतोस?”

“अर्थात. आज व्याख्यात्याच्या जागी तुमचं नाव आहे. व्याख्याता येत असेल, तर त्याच्यासाठी थांबावं, असा माझा नियम आहे. मी थांबलो. तुम्ही मात्र दर वेळी येते म्हणून निघून गेलात. मला ते बरं वाटलं नाही, पण मी काही बोललो नाही.”

मिथिलाला हसू आवरेना. “अरे, आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘येते’ म्हणायचं असतं.”

“म्हणजे येते म्हणजे जाते?”

“हो.”

“आणि खरोखर येत असलात तर?”

“तर ओरडायचं, ‘आले, आले!’”

“अजून पोचला नाहीत तरी?”

“तरी!”

शहाण्याच्या पोटात कुठेतरी बराच वेळ घरघर झाली. “जाणाऱ्यानं येते म्हणायचं आणि न आलेल्यानं आले,” तो म्हणाला. “सतरा गावांत माणसं वेळेवर भेटतात तरी कशी?”

साडेनऊच्या बोटीचा भोंगा दुरून वाजला. “शहाण्या, ऐक, ‘येते’चा अर्थ शिकून घे,” मिथिला घाईनं सांगू लागली. आजोबांनी पाटी तिच्या नाकासमोर धरली. ‘एक शब्द शिकवशील. दुसऱ्याचं काय? तो मुळात कुणाची वाट बघतोय?’

मिथिला थबकली. आधी तो बटण दाबणाऱ्याची वाट बघत होता. मग ‘पुन्हा लाव’ म्हणणाऱ्याची. मग पडद्यावर कोण बोट ठेवतो तिकडे त्याचं लक्ष, आणि आता तिची वाट. अडचणी चार दिसत होत्या, पण चूक एकच होती! कुठे ना कुठे तो माणसाकडे बघत होता. ज्याला एकट्यानं चालायचंय, त्यानं फक्त घड्याळाकडे बघायला हवं.

“प्रतीक्षा बंद (कोणासाठीही थांबायचं नाही),” ती म्हणाली. “आणि आज दिवसभर कानही बंद. मी बोलावलं तरी थांबायचं नाही.”

“ठीक. हे मला कळलं,” शहाण्या म्हणाला, आणि त्यानं कान बंद करून घेतले.

बोट लागली. शाळेची चाळीस मुलं गलका करत उतरली. मिथिला दारात उभी राहून मुद्दाम मोठ्यांदा म्हणाली, “येते हं मी!” आणि बाहेर पडून खिडकीला नाक लावलं. पडदा चालत होता. नऊ झालं, एक आलं. मागच्या बाकावर आजोबा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले होते. त्यांचे पाय मात्र सारखे हलत होते. मुलांनी प्रश्न विचारले. पडद्याला काही उत्तर देता येईना, तेव्हा मिथिला आत आली आणि आजोबांनी पाटीवर लिहायचं आणि मिथिलानं वाचून दाखवायचं, असं ठरलं. “भरती रोज त्याच वेळी का येत नाही?” एकानं विचारलं. मिथिलानं वाचलं, “कारण दिवसभरात चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. त्याला गाठायला पृथ्वीला सुमारे पन्नास मिनिटं जास्त फिरावं लागतं.” आजोबांनी जोरात मान हलवली. पण तोंड मिटलेलं होतं.

असे ते पंधरा दिवस पुरे झाले. आजोबा रोज भरतीघरात यायचे, मागच्या बाकावर बसायचे, वहीत काहीतरी टिपायचे. सोळाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला आणि म्हणाल्या, “बोला. पण बेतानं.”

आता पंधरा दिवसांचा साठा बाहेर पडणार, म्हणून सगळे सावरून बसले होते. पण आजोबा काही न बोलता थेट धक्क्यावर आले. भरतीघरात येऊन मिथिलाजवळ बसले.

“मिथू,” ते म्हणाले.

आवाज घोगरा होता, पण त्यांचाच होता. मिथिला त्यांच्या गळ्यात पडून रडली. खूप रडली. आजोबांनी तिला रडू दिलं, आणि मग म्हणाले, “सहाव्या चित्राला बारा सेकंद पुरत नाहीत.”

“काय?”

“मी दोनशे सहा मुलांकडे पाहिलं. एकशे चाळीस मुलांचं वाचून व्हायच्या आत चित्र पळतं.”

“मग पाटीवर लिहायचं ना!”

“दोन-चार मुलांवरून निष्कर्ष काढू नये. आधी खात्री करून घेतली.” पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं. “आणि ते बघताना लक्षात आलं, मी तर हे चित्र पाच सेकंदांत उरकायचो. तीस वर्षं. कुणाला कळलं, कुणाला नाही, हे मी कधी पाहिलंच नाही गं.”

मिथिलानं सहाव्या चित्राला पंचवीस सेकंद दिले.

तेवढ्यात बोट लागली आणि माणसं आत आली. आजोबा उठले. मिथिलाला वाटलं, आता यांचं सुरू होणार. पण ते भिंतीला टेकून उभे राहिले. पडद्यानं सगळं सांगून होईपर्यंत ते लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिले. मग पुढे झाले, बेतानं घसा खाकरला आणि म्हणाले, “सांगायचं ते यानं सांगितलं, मंडळी. आता तुम्ही विचारा. मी ऐकतोय.”