तो तीन चेंडू उडवतो

ती दारापर्यंत आली, आत डोकावली, आतल्या माणसांच्या रांगा पाहिल्या आणि उलट्या पावली माघारी फिरली. फिरली ती थेट एका खुर्चीवर आदळली. खुर्ची हवेत होती, एका उंच मुलाच्या डोक्यावर. दुसरी खुर्ची त्यानं काखेत मारली होती.

"लागलं का?"

तिनं मान हलवून नाही म्हटलं.

"आत जायचंय की बाहेर?"

तिनं बोटानं बाहेरची दिशा दाखवली.

"अरेरे!" तो अगदी मनापासून हळहळला. "मग ही दुसरी खुर्ची उगाच आणली की मी. दोन जिने चढून. म्हटलं, कुणीतरी उशिरा येणारच, बिचारं उभं राहायला नको..." 

आता इतकं झाल्यावर निघून कसं जायचं? ती मुकाट्यानं त्याच्या मागून आत गेली आणि त्यानं मांडलेल्या खुर्चीवर टेकली.

तो कॉलेजातला भाषणकलेचा वर्ग होता. ती वास्तुरचनेच्या दुसऱ्या वर्षाला. तिनं काढलेले घरांचे नकाशे मास्तर दुसऱ्यांना दाखवायला न्यायचे. पण तोंडी परीक्षेत त्याच नकाशाशेजारी उभं राहून तिला दोन वाक्यं बोलता आली नव्हती. "ही मुलगी काय म्हणतेय?" असं एका परीक्षकानं दुसऱ्याला विचारलं, आणि जे काही तोंडातून येत होतं तेही आटलं. आधी हा वर्ग कर, मग परीक्षेला ये, असं तिला सांगण्यात आलं होतं. घरी तर तिचं नावच 'पुटपुट' पडलं होतं. आत्या म्हणायची, "आमच्या पुटपुटीला कुणाला हाक मारायची असली की ती आधी चालत जवळ येते."

वर्ग घेणाऱ्या बाई बुटक्या होत्या, पण आवाज असा की बोलल्या तर फळ्यावरची धूळ उडावी. "आज भाषण नाही," त्यांनी जाहीर केलं. "आज नुसती ओळख. तीही स्वतःची नव्हे, शेजाऱ्याची. जरा वेळ एकमेकांशी बोला. मग एकेकानं उठून आपल्या शेजाऱ्याची ओळख करून द्यायची."

उंच मुलानं खुर्ची तिच्याकडे वळवली आणि तिच्या हातातल्या नकाशांच्या गुंडाळीकडे पाहिलं. "आधी तू सांग. तू घर काढतेस तेव्हा पहिल्यांदा काय काढतेस? दार की भिंत?"

असं तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"खिडकी," ती म्हणाली.

"खिडकी? का बरं?"

मग तिनं सांगितलं. तिची आत्या विणकाम करते. घरातली खिडकी नको तिथे आहे, म्हणून उजेडासाठी ती बिचारी दिवसभर मान वाकडी करून बसते. घर बांधणाऱ्यानं तिथे कोण बसणार हे आधी विचारलं असतं तर... तो ऐकत होता. हनुवटी हातावर, नजर तिच्यावर, मधूनच "मग?" एवढंच. ती बोलत गेली. बाहेर झाडांवरचं ऊन पिवळं झालं, कुठूनशी वाऱ्याची झुळूक आली, आणि बाईंनी टाळी वाजवली.

"चला, वेळ संपला!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. सगळा वेळ तीच बोलली होती. शेजाऱ्याविषयी तिला काहीएक माहिती नव्हती. नावसुद्धा नाही!

तो आधी उठला. खिडकी, आत्या, वाकडी मान... तो असा रंगून सांगत सुटला की बाईंना "पुरे, पुरे, घर बांधून होईल आता!" म्हणून त्याला बसवावं लागलं. ती कानापर्यंत लाल झाली. आणि मग तिची पाळी आली.

ती उभी राहिली. पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. काय सांगावं? उंच आहे? ते तर सगळ्यांना दिसतच होतं. तिनं केविलवाण्या नजरेनं त्याच्याकडे पाहिलं. तो दोन्ही तळहात पुढे धरून एकदा हा, एकदा तो, असे वर-खाली हलवत होता. वर... खाली... वर... खाली...

"हा... हा चेंडू उडवतो," ती म्हणाली. "तीन चेंडू. एकाच वेळी. एकही खाली पडू देत नाही!"

गंमत म्हणजे तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. कुणीतरी शिट्टी मारली, टाळ्या पडल्या. 

बाई खूश. "वा! मग शिकवताही येत असेल?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती अजून उभी होती, श्वास रोखून, आपल्या तोंडातून आपलाच आवाज आल्याचं नवल करत. तो उठला आणि कमरेत वाकून म्हणाला, "येतं की बाई."

"झालं तर मग. दोन आठवड्यांनी करून दाखवायची भाषणं आहेत, बोलता बोलता काहीतरी शिकवायचं. वर्गाला तू हेच शिकवायचंस!"

जिन्यात तिनं त्याला गाठलं. "तुला... खरंच येतं का?"

"येतं ना. एक चेंडू. एका वेळी एकच. तोही कधीकधी पडतो."

"मग ते हात?"

"मी सांगत होतो, आवाज वर घे, मग श्वास खाली सोड." तो हसायला लागला. "तुला चेंडू दिसले!"

"मग तू हो का म्हणालास?"

"असंच," तो म्हणाला आणि जिन्याचा कठडा बोटांनी वाजवू लागला.

वरून मित्रांनी ओरडून विचारलं, "ए शिडी, चेंडू कुठायत तुझे?" त्यानं हात हलवला. तिच्याशी बोलताना मात्र सहज सांगावं तसं सांगून गेला: मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्याला नोकरी मिळायची होती. तिथे मुलांना प्रयोग करून दाखवायचे, समजावून सांगायचे. त्यासाठी या वर्गाचं प्रमाणपत्र हवं. आणि करून दाखवायच्या भाषणात जो नापास, तो वर्गातच नापास.

ती जिन्यातच मागे वळली. "मी बाईंना खरं सांगून टाकते!"

"सांगशील?"

तिनं तोंड उघडलं. बाईंचं टेबल डोळ्यांपुढे आलं, सगळा वर्ग वळून बघतोय असं वाटलं... आणि तोंड मिटलं.

"मग शिकूया," शिडी म्हणाला. "तुला दुसरं काही काम आहे का उद्या?"

सायकली लावायच्या पत्र्याच्या छपराखाली त्यांची शाळा भरली. पहिल्या दिवशी चेंडू सायकलींच्या चाकांखाली घरंगळले आणि अर्धा वेळ दोघं गुडघ्यांवर रांगत होते. दुसऱ्या दिवशी तिनं घरून मोज्यांचे गोळे करून आणले. पडले तर पडले, पळत तर नाहीत!

"कुणाचे आहेत?" त्यानं एक गोळा हुंगून पाहिला.

"बाबांचे. धुतलेले आहेत रे!"

"बाबांना सांग, आभारी आहे. पायांना थंडी वाजली तर माझ्या नावानं ओरडू नका म्हणावं."

घरी बाबा कपाट उपसत होते. "आपल्याकडे मोजे एकेकटे का राहायला लागलेत?"

आत्यानं सुईवरची नजरही उचलली नाही. "दुसरा जोडीदार शोधायला गेला असेल. वय असतं एकेक." आणि भाचीकडे पाहून अशी हसली की पुटपुट पाणी प्यायला आत पळाली.

मोजे उडवणं काही सोपं नव्हतं. तो एक उडवायचा, दुसरा घट्ट धरून ठेवायचा आणि तिसरा नाकावर घ्यायचा. शेवटी तिनं खडू घेतला आणि छपरामागच्या भिंतीवर दोन कमानी काढल्या, एकमेकींना छेदणाऱ्या.

"हे बघ. मोजा डोळ्यांच्या उंचीपर्यंत चढला, क्षणभर थांबला, की दुसरा सोडायचा. पहिला हातात येईपर्यंत वाट बघायची नाही. तू वाट बघत बसतोस."

"मला वाट बघायला आवडतं," तो तिच्याकडे पाहत म्हणाला.

"भिंतीकडे बघ!"

तो भिंतीकडे बघू लागला. तिनं त्याचं मनगट धरून किती वर जायचं ते दाखवलं आणि मग मनगट सोडायचं ती जरा विसरलीच. त्यानंही आठवण करून दिली नाही.

एकदा हलकी सर आली. पत्र्यावर तडतड सुरू झाली, पागोळ्यांपलीकडचं मैदान पुसट झालं. त्या आवाजात ती ओरडत होती, "सोड! धरून ठेवू नकोस, सोड! आता! आता!"

"अगं, हळू," तो हसत म्हणाला, "मी इथेच आहे. पलीकडच्या इमारतीतली माणसंसुद्धा हातातलं सोडतील!"

ती थबकली. एवढ्या मोठ्यानं बोलत होतो आपण? पावसाच्या वरताण? आणि संकोचही वाटला नाही?

दुसऱ्या आठवड्यात मोजे हवेत टिकू लागले. पण एक पंचाईत निघाली. शिडी, ज्याचं बोलणं एरवी कुणाला थांबवता येत नसे, तो मोजे उडवताना चकार शब्द काढू शकत नव्हता. तोंड उघडलं की मोजा खाली. आणि हे तर भाषण होतं! बोलत बोलत करून दाखवायचं होतं.

"बघू," तो म्हणाला. "काहीतरी होईल." पण त्या दिवशी त्यानं एकही विनोद केला नाही, तेव्हा ती काय समजायचं ते समजली.

भाषणांच्या दिवशी तो पुढे गेला. "नमस्कार. आज मी तुम्हाला..." सुरुवात झोकात झाली. मग त्यानं पहिला मोजा उडवला, दुसरा उडवला, "आता तिसरा सोडताना..." आणि तिन्ही मोजे धपाधप खाली. वर्ग हसला. त्यानं उचलले, पुन्हा उडवले. या वेळी छान चाललं, पण तोंड बंद.

"बोल ना," बाई म्हणाल्या.

"हे असं..." धप. धप. धप.

आता हसणंही थांबलं. बाईंनी पेनचं टोपण काढलं. शिडीचे कान लाल झाले होते. तो वाकून मोजे गोळा करत होता, आणि एवढा उंच मुलगा पहिल्यांदाच तिला लहान दिसला.

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. कुणाची म्हणून तिनं पाहिलं, तर तिचीच.

"बाई," ती म्हणाली, "हात त्याचे आणि तोंड माझं... चालेल?"

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "ये."

ती पुढे गेली. दोन्ही पाय घट्ट रोवले. श्वास घेतला, सोडला.

"आधी खरं सांगते. याला चेंडू उडवता येत नव्हते. पहिल्या दिवशी मला याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, घाबरले आणि जे तोंडात आलं ते ठोकून दिलं. यानं मला खोटं पाडलं नाही. उलट तेव्हापासून माझ्या बाबांच्या मोज्यांवर घाम गाळतोय." 

वर्गात हशा पिकला. त्या हशानं तिला बळच आलं. "आता शिकूया. शिडी, एक मोजा. डोळ्यांच्या उंचीपर्यंत. बघा, वर गेल्यावर तो जरासा थांबतो. तेवढ्यात दुसरा सोडायचा. आपल्याला वाटतं, पहिला हातात आला की मग बघू. तिथेच सगळं चुकतं..."

ती बोलत होती आणि मोजे तिच्या शब्दांबरोबर चढत होते, उतरत होते. काळा, करडा, काळा. मग तिनं पुढच्या रांगेतल्या एका गुबगुबीत मुलाला उठवून त्याच्याकडूनही दोन मोजे उडवून घेतले. त्यातला एक बाईंच्या टेबलावर पडला, बाईंनी तो झेलून परत फेकला, आणि टाळ्यांनी खोली दुमदुमली.

"काय रे," टाळ्या थांबल्यावर बाईंनी शिडीला विचारलं, "येत नव्हतं तर त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

तो मोजे हातात धरून उभा. "बाई, ती पहिल्यांदाच बोलली होती," तो म्हणाला. "मी नाही म्हटलं असतं, तर ती पुन्हा बोलली नसती."

एवढंच बोलला आणि थांबला.

बाईंनी पेन उचललं. "बोलायला तुला येतच होतं. थांबायला येत नव्हतं. आज थांबलास. दोघंही पास! आता जा जागेवर, आणि त्या मोज्यांचं काहीतरी करा."

वर्ग सुटला. तो बाहेरच्या लांब व्हरांड्यातून निघाला होता. ती मागून धावली.

"हे घे, बाबांचे मोजे," तो म्हणाला. "आता रोज यायचं कारण उरलं नाही... म्हणजे सायकलींपाशी..."

"ऐक ना..."

"तसं माझ्याकडे माझेही मोजे आहेत. म्हणजे तुला हवं असेल तर चार उडवायचं शिकता येईल. चार अवघड असतात म्हणे, पण..."

"अरे, ऐक तरी!" ती म्हणाली. "मला तू आवडतोस!"

तिचा आवाज अजून भाषणाच्याच पट्टीत होता. वाक्य व्हरांड्याच्या त्या टोकाला जाऊन आपटलं आणि परत आलं. शेजारच्या खोलीचं दार उघडलं. हिशेब शिकवणारे सर बाहेर डोकावले आणि त्यांच्या काखेतून त्यांचा अख्खा वर्ग.

"कोण आवडतो?" सरांनी विचारलं.

एरवी ती भिंतीत शिरली असती. "हा," तिनं बोटानं दाखवलं.

सरांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. त्यांना बराच वेळ लागला, मुलगा उंच होता ना! "मग? बोला की तुम्ही. आमचा तास खोळंबलाय."

शिडीनं तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. चेहराभर हसू पसरलं, पण शब्द येईना. शेवटी तो वाकला, तिच्या कानाशी आला आणि तिलाही जेमतेम ऐकू जाईल असं काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणाला?" सर दारातूनच ओरडले. "आम्हाला नाही ऐकू आलं!"

"हो म्हणाला!" तिनं अख्ख्या व्हरांड्याला सांगितलं.