पाइपाचं दुसरं टोक

आधीच सांगते, ही घटना रात्रीची नाही. भर दुपारची आहे, पावणेतीनची. अमावास्या नाही, कुत्र्यांचं रडणं नाही, काही नाही. बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं, मीही आधी हसले होते. पण माझी आत्या खोटं बोलत नाही. खोटं रचायला धीर लागतो, तो तिच्याकडे नाहीच. राग आला की जे खरं असेल ते फाडकन तोंडातून बाहेर!

आणि त्या मंगळवारी ती सकाळपासून रागातच होती.

आत्या भाड्याच्या घरात एकटी राहते. पुढे दोन खोल्या, मागे एक. मागच्या खोलीत तिची ऑर्किडं. खोली अंधारी, म्हणून रॅकवर लाइट लावलेले. बियांपासून वाढवलेली अकरा रोपं. पाच वर्षं नुसती पानंच पानं. नातेवाईक टोमणे मारायचे, "कोबी लावला असतास तर भाजी तरी झाली असती." आत्या अशांना चहासुद्धा विचारायची नाही.

मागच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा कळ्या आल्या. अकराच्या अकरा रोपांना!

आणि नेमका तेव्हाच उन्हाने कहर केला. मागच्या खोलीवर मजला नाही, नुसता पत्रा; तो तव्यासारखा तापायचा. लाइट बंद केले तरी खोलीचा पारा छत्तीसच्या खाली उतरेना. मंगळवारी सकाळी दोन कळ्या पिवळ्या पडून गळल्या. आत्याने त्या तळहातावर घेतल्या आणि काकांना फोन लावला.

काका म्हणजे तिचा धाकटा भाऊ. एसी बसवतात, दुरुस्त करतात. तासाभरात ते चाकांवरचा एसी ढकलत घेऊन आले. त्याच्या मागून हत्तीच्या सोंडेसारखा जाड पाइप निघतो. खोलीतली गरम हवा त्या पाइपातून बाहेर फेकायची, इतकं साधं काम.

पण बाहेर कुठे?

खिडकी एकच, तीही न उघडणारी, पक्क्या काचेची. घरमालकांनी बजावलं होतं, "काचेला हात लावायचा नाही."

"ताई, ही झडप कसली गं?" काकांनी वर बघत विचारलं.

शेजारच्या भिंतीत, डोक्याच्या वर, हात पुरेल अशा उंचीवर, एक चौकोनी लाकडी झडप होती. पलीकडे मालकांची कायम कुलूपबंद असलेली खोली.

"मालक म्हणतात रिकामी आहे."

"मग झालं तर! रिकाम्या खोलीला कुठे घाम फुटतोय?"

त्यांनी झडप उघडली, पाइपाचं तोंड पलीकडे घातलं आणि भोवतीने टेप मारला. मालकांना विचारलं नाही. गरम हवा कधी बंद खोलीत सोडू नये, हे काका गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगतात. पण बहिणीचं काम म्हटलं की 'चालतंय की'!

काका गेले. दोन वाजता पारा सव्वीसवर आला. आत्या स्टूल घेऊन कळ्यांसमोर बसली.

पावणेतीनला...

टक.

पाइप हलला. आत्याला वाटलं, प्लास्टिक तापलं असेल.

टक... टक.

आणि पाइप झडपेतून निघून तिच्या पायाशी येऊन पडला. भस्सकन गरम वाफ तोंडावर.

तिने वर पाहिलं. टेप फाटलेला नव्हता. सोलून, सरळ करून, भिंतीवर नीट चिकटवून ठेवला होता.

आत्याने फोन लावला. "टेप लावलास की थुंकी?"

"ताई, त्या टेपने म्हैस बांधली तरी सुटणार नाही!"

"इथे पाइप सुटलाय. तू ये, मग तुलाच बांधते."

फोन आपटून तिने पाइप परत आत घातला, वरून लाकडाच्या दोन पट्ट्या ठोकल्या. मशीन चालू केलं. पाच मिनिटं झाली. आता हवाच पुढे जाईना. मशीन घरघरलं, लाल दिवा लागला आणि बंद पडलं. पारा एकतीस. बत्तीस.

एक कळी तिच्या डोळ्यांदेखत गळाली.

तिने पट्ट्या उपटून पाइप ओढला. दुसऱ्या टोकात काहीतरी कोंबलं होतं.

टॉवेल.

जुना, विटलेला टॉवेल.

ओला...

आत्याच्या जागी मी असते तर किंचाळत रस्त्यावर पळाले असते. आत्या भडकली! पलीकडे कोणीतरी लपून बसलंय आणि मुद्दाम छळतंय, असंच तिला वाटलं. स्टुलावर चढून तिने झडपेत तोंड घातलं.

"कोण आहे रे तिकडे? पाच वर्षांची मेहनत आहे माझी! हिंमत असेल तर समोर ये!"

आत काळाकुट्ट अंधार.

मग ऐकू आलं...

फट... फट... फट...

पुठ्ठ्याने वारा घेतल्यासारखं. कोणीतरी अंधारात स्वतःला वारा घालत होतं.

फट... फट...

हळूहळू. हात दुखत आल्यासारखं.

फट...

आत्या वाट बघत राहिली. पुढचा आवाज आलाच नाही.

 ती स्टुलावरून उतरली ती थेट जिना चढून मालकांच्या दारात.

"खोली उघडा. आत माणूस आहे."

"कोणी नाही आत." मालक दारातून हलले नाहीत.

"मग हा टॉवेल काय झडपेने न्हाताना वापरला?"

टॉवेल बघून मालकांचा चेहरा पांढराफटक पडला. मग एकदम लाल. "माझ्या खोलीत गरम हवा सोडायची परवानगी कोणी दिली? किल्ली हरवलीय. चालत्या व्हा!"

आत्या चालती झाली. खाली. काका तेवढ्यात पोचले होते. तिने त्यांच्या पिशवीतला हातोडा काढला.

"ताई, अगं पोलीस केस होईल."

"होऊ दे. आत कोणी गुदमरत असेल तर ती केस कोणावर?"

तिसऱ्या घावाला कुलूप तुटलं. दार उघडताच भट्टीचं तोंड उघडल्यासारखी धग आली.

आत... कोणी नव्हतं.

जमिनीवर बोटभर धूळ. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही. एक लोखंडी पलंग. खिडकी होती तिथे विटा रचलेल्या. छताला पंख्याचा हुक, पंखा नाही. बटणांच्या जागी नुसतं भोक, आतल्या वायरी ओढून काढलेल्या. आणि दाराला कडी फक्त बाहेरून.

मागे कधी मालकीणबाई येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही. हुकाकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "पंखा होता हो आधी. वीज फुकट जळते म्हणून यांनी काढला."

"खोली कोणाची होती?" आत्याने विचारलं.

"तू वर चल," मालक जिन्यावरून ओरडले. आणि मालकीणबाई मान खाली घालून निघून गेल्या. आजपर्यंत त्या आत्याशी बोललेल्या नाहीत.

आत्या मला सांगते, त्या क्षणी तिला कोणाचा जास्त राग आला तेच कळेना. मालकांचा, काकांचा, की स्वतःचा. कारण इतका वेळ ती कुठे भट्टी पेटवत होती, हे आता तिला समजलं होतं.

"मशीन इकडे आण," ती काकांना म्हणाली.

"इथे? आणि तुझ्या कळ्या?"

"माझ्या कळ्यांचं मी बघते! आण म्हटलं ना?"

काकांनी तिच्या घरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला. एसी त्या खोलीत ठेवला. पाइपाचं टोक दाराच्या फटीतून अंगणात, उरलेल्या फटीला जुनं पांघरूण. गार हवा पलंगाकडे. मग मान खाली घालून ते स्वतःच म्हणाले, "चुकलं माझं." कोणाला म्हणाले, देव जाणे. आत्याकडे तर ते बघत नव्हते.

ते गेल्यावर आत्या दारासमोरच्या पायरीवर बसून राहिली, मालक कुलूप घेऊन आलेच तर त्यांना अडवायला. तिकडे मागच्या खोलीत कळ्या गळत होत्या. एकदा जाऊन ती मोजून आली. चार उरल्या होत्या. पण मशीन तिने हलवलं नाही.

साडेपाचला...

मशीनची घरघर थांबली.

वीज गेली नव्हती. तिच्या घरातला दिवा दिसत होता. दारातून आत कोणीही गेलं नव्हतं, ती तिथेच तर बसली होती.

ती आत गेली.

प्लग बोर्डातून काढलेला होता. आणि मशीनची वायर गोल गुंडाळून, नीट वेढे घालून पलंगाच्या कडेला ठेवलेली. बोर्डाचं बटणही बंद.

वीज जाळू नको, जाळू नको, असं ज्याला कोणी वर्षानुवर्षं ऐकवलं असेल, तोच असं करतो ना? थोडा वेळ गार झालं, पुरे झालं म्हणून?

आत्याला रडू कोसळलं, पण ते रागाचं. तिने ती वायर खसाखसा उलगडली, प्लग परत बोर्डात खुपसला, बटण दाबलं आणि वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "असू दे चालू! रात्रभर असू दे! बिल मी भरते!"

मशीन सुरू झालं.

आणि रिकामा पलंग करकरला...

अगदी सावकाश. कोणीतरी आडवं होताना करकरतो तसा.

त्यानंतर काय झालं, हे मी तिला तीनदा विचारलंय. तिन्ही वेळा ती माझ्यावर खेकसली. पण ते घर तिने सोडलेलं नाही, आणि परवा तिच्याकडे राहायला गेले तेव्हा मधल्या भिंतीला हात लावला.

भर उन्हाळ्यात ती भिंत गार होती.