ताटीवरचं पाणी

मंगळवारी ऑफिस सुटल्यावर उल्हास हार्डवेअरच्या दुकानात गेला आणि चार मोठे हुक, एक पत्र्याची बादली आणि खिडकीत बसवायचा चौकोनी पंखा घेऊन घरी आला. एवढंच काम होतं. पण नको त्या गोष्टी घरात शिरतात त्या अशाच वेळी. दोन्ही हातांत पिशव्या असल्या की दार मागे लोटून घ्यायचं राहून जातं.

२००६ सालचा ऑगस्ट होता. अमेरिकेत, हर्नडनच्या जुन्या भागात, जिथून पूर्वी रेल्वे जायची आणि आता लोक सायकली चालवतात, तिथे उल्हासने साठ वर्षांचं एक लाकडी घर घेतलं होतं. नव्याकोऱ्या टाउनहाउसमध्ये राहणाऱ्या मित्रांनी त्याला परोपरीने सांगून पाहिलं होतं. पण मागच्या अंगाचा लांब पोर्च आणि दारातलं मेपलचं झाड बघून गडी भुलला. त्या घराला सेंट्रल एसी नव्हता. खिडकीत दोन नावापुरते एसी ठोकले होते, आणि मागच्याच आठवड्यात भिंतीतून जळका वास येऊन ते बंद पडले. इलेक्ट्रिशियन म्हणाला, वायरिंग बदलेपर्यंत त्यांना हात लावू नका. आणि वायरिंग कधी? तर दोन आठवड्यांनी. उकाड्याने सगळ्या गावाला आग लागली होती, त्यात याचा नंबर कोण आधी लावणार!

दोन आठवडे उल्हासकडे नव्हते. शनिवारी राधिका आणि आठ वर्षांची अनिका नागपूरहून परत येणार होत्या.

जूनमध्ये जाताना राधिका एअरपोर्टवर शांतपणे म्हणाली होती, "मागचा उन्हाळा मी काढला. पोरीच्या अंगावर घामोळं, रात्र रात्र झोप नाही. परत आल्यावर घराची अशीच भट्टी असेल ना, तर मी अनिकाला घेऊन माझ्या पद्मिनीताईकडे फ्रिस्कोला जाईन. तिथेच शाळा बघेन. मग तू आणि तुझं घर." राधिका फार बोलत नाही. पण बोलली की करते. उल्हासला ते पक्कं ठाऊक होतं, आणि दोन महिने त्या रिकाम्या घरात एकटं जेवताना, टीव्हीशी बोलताना, त्याला ते रोज नव्याने आठवत होतं. एकटेपणाने माणूस वेडा होत नाही, पण वेड्यासारखे उपाय मात्र सुचतात.

त्याला वाळ्याची ताटी आठवली. दोन वर्षांपूर्वी निव्वळ वासाच्या मोहाने त्याने ती नागपूरहून गुंडाळून बॅगेत घालून आणली होती, आणि ती गॅरेजमध्ये पडून होती. मागच्या दाराला बाहेरून ताटी टांगायची, पाणी मारायचं, समोरच्या खिडकीत पंखा उलटा लावून हवा ओढून घ्यायची. नागपूरच्या माणसाला उन्हाळा कुणी शिकवायला लागतो?

"अरे यार, वेडा झालास का?" शेजारच्या गल्लीत राहणारा मुंबईचा राजीव ताटी बघून हसायलाच लागला. "नागपूरची हवा कोरडी, तिथे चालतं हे. इथे ह्युमिडिटी ऐंशी टक्के आहे. घामाने भिजलेल्या माणसाला तू ओलं पांघरूण देतोयस!"

राजीवचं खरं होतं. बुधवारी रजा काढून उल्हासने दिवसभर पाणी मारलं आणि घर गार व्हायच्या ऐवजी चिकट झालं. भिंतींना घाम सुटला, पुस्तकं दमट झाली. संध्याकाळी थकून तो पोर्चच्या पायरीवर बसला. वाळ्याचा ओला वास दाटून आला होता. बाजूला कुणी नव्हतं, म्हणून तो मोठ्याने म्हणाला, "याला नीलूताईचाच हात पाहिजे."

म्हणाला आणि चपापला. हे नाव त्याने कित्येक वर्षांत तोंडाने घेतलं नव्हतं.

नीलांबरी त्याची मोठी बहीण. नागपुरात अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ते राहत. वडील गार्ड होते, रात्रपाळी करून आले की दुपारी झोपत, आणि ती झोप मोडता कामा नये अशी घरात सक्त ताकीद होती. त्यासाठी दाराला वाळ्याची ताटी, आणि ताटीवर पाणी मारायला ही दोन भावंडं, अर्ध्या अर्ध्या तासाच्या पाळीने. एकाने आत गारव्यात झोपायचं, एकाने बाहेर उन्हात उभं राहायचं. पाळी संपली की बाहेरच्याने चौकटीवर दोनदा टकटक करायची, मग आतल्याने उठून यायचं. ताईची पाणी मारायची एक तऱ्हा होती. तांब्यातून हाताने तीन सपकारे, मग थोडं थांबायचं. जमीन पोळायची, म्हणून त्या थांबण्यात ती पाय बदलायची. आत पडल्या पडल्या उल्हासला नुसत्या आवाजावरून कळायचं की बाहेर ताई आहे, आणि त्याला गाढ झोप लागायची.

मे महिन्यातली एक दुपार. टकटक झाली. आठ वर्षांच्या उल्हासने ती ऐकली आणि डोळे घट्ट मिटून घेतले. पुन्हा टकटक झाली. मग बाहेरून ताई हळूच स्वतःशी म्हणाली, "झोपू दे त्याला," आणि पाण्याचा आवाज परत सुरू झाला. सबंध दुपार तो चालू होता. संध्याकाळी ताईचं अंग तापलं ते तापलंच. कांद्याचा रस झाला, पन्हं झालं, रेल्वेचा डॉक्टर आला. मध्यरात्री ती गेली. बारा वर्षांची होती. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. पाळी कुणाची होती, ते उल्हासने आईला सांगितलं नाही, राधिकाला सांगितलं नाही, कुणालाच नाही. तेहतीस वर्षं झाली.

गुरुवारी सकाळी घाईत ताटीवर दोन तांबे ओतून तो ऑफिसला गेला. संध्याकाळी सात वाजता दार उघडलं आणि उंबरठ्यावरच थबकला. घर गार होतं. पोर्चवरच्या थर्मामीटरमध्ये सत्त्याण्णव फॅरनहाइट, आणि आत जेमतेम बहात्तर! भिंती कोरड्या, पायाखालची फरशी थंड, आणि बारा तासांपूर्वी भिजवलेली ताटी निथळत होती.

राजीवला बोलावलं. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि या वेळी हसला नाही.

"दिवसभर कोण पाणी मारतं?"

"कोणी नाही. सकाळी मी मारून गेलो होतो."

"हे होऊ शकत नाही, उल्हास." त्याने दंडावर हात चोळले. "मी निघतो रे. घरी सुलेखा वाट बघत असेल." चहाला थांबला नाही, आणि राजीव चहा सोडून जाणाऱ्यांतला नव्हे.

शुक्रवारी उल्हासने घरून काम केलं. जेवण झालं, दोन वाजले. बाहेर ऊन रणरणत होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. झाडांवरचे किडे एकसुरात किरकिरत होते, ते एकदम थांबले.

सप्... सप्... सप्.

मग थोडी शांतता. मग लाकडी फळी अगदी हलकी करकरली. कुणीतरी पाय बदलला होता.

उल्हास जागचा हलला नाही. "ताई...?" तो पुटपुटला. नुसते तीन सपकारे, आणि फळीची करकर. ताटीमागे, त्याच्या छातीएवढ्या उंचीवर, उजेड थोडा अडलेला दिसत होता.

त्याने उठून स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर जायला हवं होतं. तो तांब्या हातातून घ्यायला हवा होता. तेवढं पाच पावलांचं काम. पण उद्या राधिका येणार होती, घर गार होतं, आणि ते गार राहायला हवं होतं. माणूस सुधारतो म्हणतात. उल्हासने लॅपटॉप मिटला, गार फरशीवर अंग टाकलं, आणि लाज वाटत असतानाच त्याला झोप लागली.

शनिवारी संध्याकाळी राधिकाने दारात बॅग ठेवली आणि डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला. "अय्या, वाळा!" ती म्हणाली. "आणि किती गार आहे रे! कसं केलंस हे?" दोन महिन्यांनी तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तो काय सांगणार? "केलं काहीतरी," म्हणाला. रात्री तिने पद्मिनीताईला फोन करून सांगितलं, की इकडे सगळं छान आहे, आम्ही इथेच आहोत. ते ऐकताना उल्हासच्या डोळ्यांत पाणी आलं.

रविवारी दुपारी तिघं खाली गाद्या टाकून आडवे झाले. प्रवासाचा शीण होता, पापण्या जड झाल्या होत्या. अर्धवट झोपेत उल्हासला सपकारे ऐकू येत होते. मग ते थांबले.

चौकटीवर दोनदा टकटक झाली.

त्याने ऐकली. स्वच्छ ऐकली. आणि कूस बदलून डोळे घट्ट मिटले.

पुन्हा टकटक. मग बराच वेळ काही नाही. मग पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि तो निश्चिंत झोपला.

जाग आली तेव्हा घड्याळात चार वाजले होते. आवाज चालूच होता, पण तीन सपकाऱ्यांचा तो ताल नव्हता. वेडंवाकडं, धापा टाकत पाणी पडत होतं. त्याने बाजूला हात टाकला. अनिकाची उशी रिकामी होती.

तो कसा बाहेर पोचला ते त्याला आजही आठवत नाही. पोर्चवर अनिका अनवाणी उभी होती. तोंड लालभडक, केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले. दोन्ही हातांत तांब्या धरून ती ताटीवर पाणी फेकत होती. त्याने तिला उचललं तर अंग तव्यासारखं तापलेलं.

राधिका ओरडतच उठली. ओल्या टॉवेलने पुसून, बर्फ लावून, घोट घोट पाणी पाजून अर्ध्या तासाने पोरगी शुद्धीवर आल्यासारखी बोलू लागली.

"उन्हात कशाला गेलीस, सोन्या?" राधिका रडत विचारत होती.

"त्या ताईने नॉक केलं ना," अनिका म्हणाली. "ती खूप टायर्ड होती, आई. ती म्हणाली बाबाचा टर्न आहे. मी म्हटलं, आय विल वेक हिम. तर ती म्हणाली, नको, झोपू दे त्याला. सो मी केलं."

राधिकाने उल्हासकडे पाहिलं. "कोण ताई?"

उल्हासने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, अनिकाचे पाय मांडीवर घेऊन, सगळं सांगितलं. टकटक, मिटलेले डोळे, पाळी. राधिकाने अनिकाच्या कपाळावरचा टॉवेल बदलला. मग एवढंच म्हणाली, "ती ताटी काढ."

"काढतो," तो म्हणाला. "पण आजची माझी पाळी राहिली आहे."

तो अनवाणीच बाहेर गेला. फळ्या पोळत होत्या. तांब्या भरला, हाताने पाणी मारू लागला. तीन सपकारे, आणि पाय बदलायला थोडं थांबायचं. आपोआप तसंच जमत गेलं. आत हळूहळू शांत झालं. ओल्या काड्यांच्या फटीतून त्याने पाहिलं. राधिकाचा डोळा लागला होता. तिच्या कुशीत अनिका. आणि अनिकाच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन, दोन वेण्या घातलेली एक मुलगी गाढ झोपली होती. तिच्या तळव्यांवर फोड होते.

उल्हासला हुंदका आला. तो त्याने गिळला, कारण झोप मोडता कामा नये. पाणी मारत राहिला. उन्हाने डोकं भणाणलं तरी थांबला नाही.

अर्धा तास झाला असेल. एका हातात तांब्या होता, दुसरा पाण्याने भरलेला होता. जवळपास दुसरं कुणीच नव्हतं.

तरी त्याच्या कानाजवळ, चौकटीवर, दोनदा टकटक झाली.

आत तिघींपैकी एकीने कूस बदलली आणि ती उठून बसू लागली. कोण, ते ओल्या काड्यांतून त्याला नीट दिसेना.

"झोप गं," तो घाईघाईने म्हणाला. "अजून माझीच पाळी आहे." आणि त्याने बादलीत तांब्या बुडवला.