ठेवणीतले बूट

अर्धा कापलेला टूथब्रश.

शेजारची मांजर. तिच्यावर विनाकारण आळ आला.

टाल्कम पावडरचा डबा, कालपर्यंत भरलेला.

"कोरे बूट घालून डोंगर चढणारा माणूस ते हातात घेऊन उतरतो!" हे मामाचं वाक्य. रोज एकदा तरी.

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर काळा चुरा.

यांचा एकमेकांशी काय संबंध, हे अजून कुणालाच माहीत नव्हतं. उद्या सकाळी मामाबरोबर तीन दिवसांच्या ट्रेकला निघायचं होतं आणि हॉलमध्ये चार सॅक तोंड उघडून बसल्या होत्या. दोरी यादी बघत होती. उंच आणि किडकिडीत, म्हणून तिचं नाव दोरी. तिचा धाकटा भाऊ बटण सॅकमध्ये बसून बघत होता. आणि शेजारचा मित्र काटा प्रत्येक वस्तू स्प्रिंगच्या काट्याला टांगून तिचं वजन करत होता.

"टूथब्रश का कापलास रे?" बटणाने विचारलं.

"वजन कमी करायला!"

"मग दातही अर्धेच घासायचे?"

तेवढ्यात आई झाडू घेऊन आली. "हा काळा चुरा कसला? कालही होता! शेजारची मांजर काहीतरी कुरतडते, नाहीतर उंदीर शिरलाय. खाऊच्या पाकिटांना उंदीर लागला असेल तर आधी घर साफ होईल, मग डोंगर!"

तिघांचे चेहरे पडले. मामा दिवसभर घरोघरी विजेचे मीटर तपासत फिरायचा. त्याला सुट्टी मिळाली होती ती एवढीच. आत्ता हुकलं की थेट पुढचं वर्ष!

"उंदीर पकडायचा!" दोरी म्हणाली. "चुरा कुठे जास्त आहे?"

"सोफ्यापाशी," काटा म्हणाला.

जेवण झाल्यावर मामाने फर्मान काढलं, "मी हॉलमध्ये पडतोय. कुणीही यायचं नाही!" पण त्याआधीच तिघांनी पांढऱ्या फरशीवर पावडरचा पातळ थर पसरला होता. मामा खाली बघून चालणाऱ्यांतला नव्हताच.

चहाच्या वेळी तो गॅलरीत गेला आणि तिघं हॉलमध्ये घुसली.

"बाप रे!"

फरशीवर ठसेच ठसे! भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत. आणि प्रत्येक ठशात चिमूटभर काळा चुरा.

"हा उंदीर नऊ नंबरचा बूट घालतो!" बटण ओरडला.

"हळू बोल!" दोरीने सोफ्याखालचं खोकं ओढलं. आत ट्रेकिंगचे बूट होते. लाल नाड्या, चकाकतं चामडं, एक ओरखडासुद्धा नाही. "कोरे बूट! आणि आपल्याला रोज भाषण! म्हणून हा झोपेचं सोंग घेऊन हॉलमध्ये, जिन्यावर बूट पायात मुरवतोय!"

काट्याने तळ अंगठ्याने दाबला. शिळ्या बिस्किटासारखा तुकडा त्याच्या हातात आला.

"खोक्यात राहून राहून कुजलाय हा तळ," तो हळूच म्हणाला. "पण सांगितलं तर? मामाचे ट्रेकचे जुने बूट गेल्या वर्षीच फाटले. म्हणजे ट्रेक रद्द."

"आणि नाही सांगितलं तर?"

उतारावर सुटे दगड असतात. आणि उतारावर मामा बटणाचा हात धरून चालायचा.

"सांगायचं," दोरी म्हणाली. "पण त्याला पटणार नाही. कोऱ्या बुटांना काय होतंय, म्हणेल. तेव्हा आपण नको, बूटच सांगू देत."

मामा आत येताच ती म्हणाली, "मामा, रंगीत तालीम! पाठीवर भरलेली सॅक, पायात उद्याचे बूट, गच्चीपर्यंत दोनदा वर-खाली. घरी न तपासलेली वस्तू डोंगरावर न्यायची नाही, तूच म्हणतोस ना?"

"अगं, माझं काय तपासायचंय..."

"नियम सगळ्यांना सारखा!" बटण कमरेवर हात ठेवून म्हणाला.

मामा अडकला. निघाली वरात!

"कठडा सोडू नकोस हं," दोरीने तिसऱ्यांदा बजावलं.

पहिली फेरी पार पडली. दुसऱ्या फेरीत उतरताना... चर्र! मामा डगमगला, सॅक भिंतीवर आपटली, पण कठड्यावरची पकड सुटली नाही. तो मटकन पायरीवर बसला. उजव्या बुटाचा तळ टाचेपासून लोंबत होता.

बटण वाकून बघत म्हणाला, "मामा, तुझ्या बुटाने आ वासलाय. भूक लागली वाटतं."

मामा हसला आणि लोंबता तळ परत जागेवर दाबायला लागला. "आठ वर्षं जपले रे. अक्काने, तुमच्या आईने, तिच्या पहिल्या पगारातून घेऊन दिलेले. रोज वापरायचा धीरच झाला नाही."

आई मागे येऊन उभी होती. "पायात घालायला दिले होते रे वेड्या, कपाटाला नव्हे!"

"आता ट्रेक..." मामा म्हणाला. "सॉरी पोरांनो."

दोरीची नजर दाराकडे गेली. तिथे मामाचे दुसरे बूट होते. मळके, पायाच्या आकाराचे झालेले.

"ते? ते कामाचे आहेत गं!"

"मग काम करणारेच नेऊया!"

गच्चीच्या उतारावर बादलीभर पाणी ओतलं. मामा त्यावर चालला, वळला, मुद्दाम पाय आपटले. एकदाही घसरला नाही! काट्याने वजन केलं. "नव्यांपेक्षा हलके आहेत!"

फक्त नाड्या विरल्या होत्या. मामाने कोऱ्या बुटांच्या लाल नाड्या काढल्या, ताणून बघितल्या आणि कामाच्या बुटांत ओवल्या. दोरीने पावडर आणि चुऱ्याची सगळी गोष्ट सांगितली, तेव्हा त्याने गळ्यातली शिट्टी काढून तिच्या गळ्यात घातली.

"डोंगरावर हा तळ सुटला असता तर माझ्या हातात बटणाचा हात असता," तो म्हणाला. "उद्या पुढे तू चालायचं."

आईने पावडर स्वतःच पुसली. "एवढ्या पावडरीची नासाडी आज माफ! शाबास रे पोरांनो." मग तिने मांजरीला बशीभर दूध दिलं. माफी म्हणून.

सकाळी दाराशी चार सॅक उभ्या होत्या. मामा वाकून लाल नाडीची गाठ पुन्हा बांधत होता.

आठ वर्षांपूर्वी ते लाल नाड्यांचे बूट विकत घेतले त्या दिवशी आई दुकानातून स्वतःच्या उसवलेल्या चपलेने चालत घरी आली होती.