एकेचाळीस नंबरचे कागद

"आज तर कमालच झाली!" धाकट्या दिरानं घास हातात तसाच धरून सांगायला सुरुवात केली. "नोकरीच्या परीक्षेला एक नमुना आला होता. उत्तर संगणकावर टाइप करायचं, तर या महाशयांनी पेन्सिलीनं कागदावर लिहून काढलं! वेळ संपली, म्हणून कागदांचे फोटो जोडले. आणि वर आम्हालाच शिकवणी... म्हणे, तुमच्या प्रश्नातच चूक आहे!"

त्याची बायको खळखळून हसली. वाढायला उभ्या असलेल्या वहिनीच्या हातातला डाव मात्र भांड्याच्या काठावर वाजला, कारण तो नमुना म्हणजे तीच होती!

"मग काय शेरा मारलास?" तिनं आवाज होईल तितका साधा ठेवून विचारलं.

"कालबाह्य, विचार करू नये. दुसरं काय? नावं नसतात गं, नुसते नंबर असतात, वशिल्याला वाव नको म्हणून. एकेचाळीस नंबर. कुणीतरी म्हातारबुवा असणार."

"पण चूक खरंच आहे का, ते तपासून पाहिलंस का?"

"वहिनी, पुरे! तू वेळेवर नवीन शिकली असतीस ना, तर आज अशी घरी बसली नसतीस."

तिनं त्याच्या वाटीत आमटी वाढली. पण ते वाक्य काळजात जे रुतलं, ते रुतलंच... याच तोंडात तिनं घास भरवले होते. तेवीस वर्षांपूर्वी तिला पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी लागली, त्याच वर्षी नवरा गेला आणि अकरा वर्षांचा पोरका दीर तिच्या पदराला येऊन बिलगला. त्याला वाढवता वाढवता तिनं कचेरीच्या पाणीबिलांचा सगळा प्रोग्रॅम एकटीनं सांभाळला. मग एक दिवस साहेबांनी नवी प्रणाली विकत घ्यायचं ठरवलं, आणि जुन्या संगणकाबरोबर तिची खुर्चीही उचलली गेली.

सात महिन्यांत तिनं सतरा कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले. एका मुलाखतीत समोरच्या पोरसवदा साहेबानं तोंडावर हात ठेवून विचारलं, "मॅडम, ही संगणकाची भाषा अजून जिवंत आहे?" भाषा जिवंत होती, तिच्यावर कुणाचं पोट भरत नव्हतं एवढंच. रात्रंदिवस नव्या भाषांची पुस्तकं वाचूनही अनुभवाच्या रकान्यात लिहायला काही नव्हतं. शेवटी, बुडत्याला काडीचा आधार म्हणून, तिनं धाकट्याच्याच कंपनीत गुपचूप अर्ज केला. तिथं नाव विचारत नाहीत, म्हणजे जे मिळेल ते आपल्या अकलेवर मिळेल, या एकाच आशेवर!

आणि घात केला तो तिच्या सवयीनं. जुन्या कचेरीत सहा जणांत एक संगणक होता. प्रोग्रॅम कागदावर चालवून पाहिल्याशिवाय संगणकाला कुणी हात लावत नसे. आकड्याच्या जागी शर्टाचं बटण मांडायचं आणि ते ओळीओळीनं पुढं सरकवायचं. परीक्षेत पाणीबिलाचा प्रश्न आला, तिथंही तिनं बटणांची वर्तुळं काढली, आत चार-चार भोकं काढली, आणि हिशेब चोख जमला तेव्हा टाइप करायला वेळच उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं परगावच्या एका वसतिगृहाला फोन करून होकार कळवला. देखरेखीचं काम, राहणं-जेवण तिथंच. गाडी संध्याकाळी पाचची होती. जाऊ दारात येऊन कावरीबावरी उभी राहिली. "ताई, असं अचानक का? आमचं काही चुकलं का?"

"नाही गं. हाताला काम हवं."

तीन वाजता दार धाडकन उघडलं. धाकटा! श्वास फुललेला, हातात तिच्या कागदांच्या छापील प्रती.

"वहिनी... ही वर्तुळं... ही बटणं आहेत ना?"

तिनं मान फिरवली.

"तुझा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून तपासायला बसलो. पाण्याचा मीटर शेवटच्या आकड्यापर्यंत भरला की पुन्हा शून्यावर येतो, हे आमच्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही! आमच्या उत्तरात प्रश्नातलं ते घर पाणी वापरण्याऐवजी परत देतंय. पुढच्या आठवड्यात जी प्रणाली देणार होतो, तिच्यातही नव्या आकड्यातून जुना वजा करायची हीच चूक आहे. आणि ही भोकं पाहिली, अन्... दादाच्या शर्टांची बटणं मांडून तूच शिकवलं होतंस मला!"

बॅगेत वरच बटणांचा डबा होता. त्यानं तो उघडला. बटणांखाली एक ओळखपत्र होतं, गळ्यात घालायची फीतही न सोडलेलं. नव्या तंत्राच्या प्रशिक्षणाचं. त्यावरची तारीख वाचून त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुझी निवड झाली होती? तू तर म्हणालीस, मला ते जमणार नाही! आणि हा महिना... मला कावीळ झाली होती तो. चाळीस दिवस तू माझ्या उशाशी..."

"कुणीतरी बसायला हवंच होतं रे."

तिच्या ओंजळीत तोंड खुपसून तो लहान मुलासारखा रडला. "मी या हातानं तुला कालबाह्य लिहिलं, वहिनी! चल, आत्ताच्या आत्ता चल. साहेबांना सांगतो, ही माझी..."

"नाही!" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "एकेचाळीस नंबरला बोलवायचं असेल तर बोलवा. वहिनीला बोलवणार असाल, तर ही मी निघाले."

तो फरशीवर बसूनच फोनवर टाइप करू लागला, आणि लिहिलं ते तिला वाचून दाखवलं. "माझा शेरा चुकीचा होता. प्रश्नातली चूक या एकाच उमेदवारानं पकडली. उमेदवार माझ्या घरचा आहे हे मला आज कळलं, म्हणून निर्णय दुसऱ्या कुणी घ्यावा."

मग वाट पाहणं आलं. चार वाजले... सव्वाचार... बॅग दाराशी तशीच होती. साडेचारला तिनं चपला पायात घातल्या. धाकट्यानं अडवलं नाही, अडवायला तोंड कुठं होतं त्याला? जाऊ मात्र पुढं झाली आणि बॅगेतल्या साड्या काढून पुन्हा कपाटात ठेवू लागली.

तेवढ्यात वहिनीच्या फोनवर संदेश आला. "उमेदवार एकेचाळीस, सोमवारी सकाळी दहाला पुढच्या फेरीसाठी यावे. येताना पेन्सिल आणावी."

तिनं ते दोनदा वाचलं. डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षरं हलत होती. तिनं फोन धाकट्यापुढं धरला आणि म्हणाली, "तू एकदा तपासून पाहा."