गोधडीची पिशवी

अंबाजोगाईत कॉलेजच्या मागच्या बोळाला पोरांनी 'रंगीत गल्ली' असं नाव पाडलंय, आणि ते काही खोटं नाही. हाताने रंगवलेले कुर्ते, मातीचे कानातले, जुनी पुस्तकं, कुल्हडातला चहा... खिशात वीस रुपये असले तरी तासभर रमावं अशी ती गल्ली. एका गुरुवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर शिवकन्या तिथं झुमके कानाला लावून बघत होती. आरसा काही सापडेना. एवढ्यात कुणीतरी शेजारच्या दुकानातला आरसा उचलून तिच्यासमोर धरला.

"डावा जरा वाकडा हाय," आरशामागून आवाज आला.

"आरसाच वाकडा धरलाय तुमी."

"सरळ धरतो. पण तुमी असं बघू नका... हात थरथरतो."

शिवकन्येला हसू आवरलं नाही. तिथंच बाईसाहेबांचं काम तमाम झालं म्हणा ना! झुमके घेतलेच तिने.

तो परमेश्वर, घाटनांदूरचा, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. पुढचे तीन गुरुवार दोघं ती गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. 'तुमी'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही. आणि घरचं विचारलं तेव्हा शिवकन्या पटकन बोलून गेली, "दिंद्रुडला बागायत हाय आमची." खरं तर तिचे आईबाप दसऱ्यानंतरच ऊसतोडीला कारखान्यावर गेले होते आणि तिथं उसाच्या पाल्याच्या झोपडीत, कोपीत, राहत होते.

चौथ्या गुरुवारी ते गल्लीतल्या तुळजाबाईंच्या दुकानात शिरले. समोर जुन्या लुगड्यांच्या, गोधडीसारख्या शिवलेल्या पिशव्या टांगलेल्या. शिवकन्येने एक पिशवी उलटून बघितली. हाच धावदोरा, हीच कोपऱ्यातली तिकोनी ठिगळं... तिची आई अशीच शिवायची. आपलं पितळ आता उघडं पडणार, असं तिला वाटलं आणि तिने नाक मुरडलं.

"शी! कोपीवरची गोधडी खांद्याला अडकवून कोण फिरंल? वास येत असंल."

तुळजाबाई आतूनच म्हणाल्या, "परमेश्वर, तुझ्या आईला सांग रे, अजून धा पिशव्या पाठव म्हणावं. हातोहात खपल्या."

परमेश्वरने सुटलेली एक पिशवी परत खुंटीला अडकवली. मग हळूच म्हणाला, "वास न्हाई येत. आई दोनदा धुती." आणि निघून गेला.

ओरडला असता तर बरं झालं असतं. शिवकन्येचे कान तापले. आपण त्याच्या आईला बोललो, आणि आपल्या आईलाही! खोलीवर आल्यावर तिने पलंगावरची विकतची चादर ओढली. खाली आईने दिलेली गोधडी होती. खोलीतल्या मैत्रिणींना दिसू नये म्हणून सहा महिने झाकून ठेवलेली. तिच्याकडे बघायचीसुद्धा शिवकन्येला लाज वाटली, आणि ती लाज आधीच्या लाजेपेक्षा लई वाईट होती.

पुढच्या गुरुवारी भर दुपारी ती गोधडी काखेत घेऊन सबंध गल्लीतून चालत आली. पोरं बघत होती. बघू देत! परमेश्वर दुकानात पिशव्या टांगत होता. तिने गोधडी त्याच्यापुढं ठेवली.

"हुंगून बघ."

"कावून?"

"माझ्या आईची हाय. ती आता तोडीला गेलीय. बागायत-बिगायत काय न्हाई आमची. सहा हंगाम मी सोता कोपीत ऱ्हायलेय..." ती गोधडीच्या ठिगळावर बोट फिरवत राहिली. "तू आवडला होतास, म्हणून खोटं बोलले. आन् ते झाकायला तुझ्या आईला बोलले. लाज वाटती रे मला."

त्याने गोधडी उचलली, नाकाशी धरली. किती तरी वेळ.

"धुराचा वास येतोय."

"येणारच. चुलीपाशीच निजतो आमी."

"आमच्याबी येतो," तो खाली बघत म्हणाला. "गुडघे जाईपर्यंत माझी आईबी तोडीला जायची. पिशव्या दोनदा धुवायला मीच लावतो तिला. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून... म्हंजी मलाच लाज वाटायची. तुझा राग न्हाई आला त्या दिवशी. पकडला गेलतो मी."

दोघांनाही एकमेकांकडे बघवेना. तुळजाबाई उगाचच आत काहीतरी शोधायला गेल्या.

"आन् आता?" त्याने विचारलं. "आवडला होतास म्हणालीस..."

"आता खरं बोलतेय. तरी आवडतोसच."

परमेश्वरने गोधडीची नीट घडी घातली आणि ती स्वतःच्या खांद्यावर टाकली.

"चल, चहा पिऊ," तो म्हणाला. "डावा झुमका अजून वाकडाच हाय तुझा."

"मग सरळ कर की!"